ढोलाशेजारचा फोटोवाला

जूनच्या अखेरीला दक्षिण जर्मनीत बार्लीचं पीक पांढुरकं पडतं आणि दिवस मावळायचं नाव घेत नाही. त्या दिवसांत लिंडेनरीड गावात संत योहानाचा सण असतो. गाव लहानसं. एक चर्च, एक खानावळ, बंद पडलेली दूध डेअरी आणि गावाच्या पायथ्याला काळसर पाण्याचं तळं. सकाळी चर्चपासून टेकडीवरच्या लाकडी क्रुसापर्यंत मिरवणूक जाते, दुपारी बँड वाजतो, आणि ऊन कललं की टेकडीवर रचलेला लाकडांचा ढीग पेटवतात. उन्हाळा भरात आला, आता इथून दिवस लहान होत जाणार, असा त्या आगीचा अर्थ.

या सणाचे फोटो काढायला दरवर्षी एक माणूस यायचा. तो त्या गावचा नव्हता आणि त्या देशाचाही नव्हता. चारुदत्त सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात तो गाडीच्या दारांचे साचे तपासायचा. पत्रा कुठे ताणला गेला, कुठे सुरकुतला, हे बोट फिरवून ओळखायचा. आठवडाभर पत्रा बघायचा आणि शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन खेड्यांमधून फिरायचा. पवनचक्क्यांचे, तळ्यांचे, गवताच्या गुंडाळ्यांचे फोटो काढायचा. सण दिसला तर थांबायचा. शहरातल्या जत्रा त्याला आवडत नसत. ज्या गावात पाहुणा म्हणून दोन डोळे आपल्याकडे वळतात, तिथेच त्याला बरं वाटे, कारण आपलं गाव तसंच होतं.

लिंडेनरीडला तो पहिल्यांदा गेला तेव्हा मात्र दोन नव्हे, सगळ्या गावाचे डोळे त्याच्याकडे वळले. फुलांच्या टोपल्या घेतलेल्या लहान मुलींचा फोटो त्यानं काढला, आणि एका मुलीचा बाप तरातरा पुढे आला.

"कोणी परवानगी दिली? पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

चारुदत्तनं पुसला. मान खाली घालून तो निघणार, एवढ्यात मागून खांद्यावर एक भलामोठा पंजा पडला. बँडमधला म्हातारा होता. गळ्यात मोठा ढोल, डोक्यावर पिसाची टोपी, उजव्या भुवईला दुभंगणारा जुना व्रण.

"इथं माझ्या शेजारी उभे राहा," म्हातारा म्हणाला. "ढोलाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला या गावात कोणी मारत नाही. ढोल फुटेल म्हणून."

सगळे हसले. मुलीचा बापही हसला. अलोइस हेगेले असं त्या म्हाताऱ्याचं नाव. गाई विकून झाल्या होत्या, बायको वारली होती, मुलगी गुडरून लांब हॅनोव्हरला नोकरीला होती. उरला होता तो ढोल. खानावळवाल्या सेन्झीबाईंनी चारुदत्तपुढे सफरचंदाच्या रसाचा पेला आदळला. त्या बाईंना वस्तू हळू ठेवता येत नसे. "पी. आमच्या अलोइसचा पाहुणा तो आमचा पाहुणा," त्या म्हणाल्या, आणि त्या दुपारपासून चारुदत्त ढोलाशेजारचा फोटोवाला झाला.

दुसऱ्या वर्षी अलोइसनं त्याच्यापुढे छोटा पेला धरला आणि सांगितलं, "आता मला तू म्हणायचं. मी मोठा, म्हणून मी सांगायचं असतं." चारुदत्तनं पेला ओठाला लावला आणि जर्मनमध्ये तू म्हणाला. पण मनातल्या मनात मराठी वाक्य तयार व्हायचं ते तुम्ही असंच व्हायचं. वडिलांच्या वयाच्या माणसाला तू म्हणताना त्याची जीभ दरवेळी किंचित अडखळे, आणि अलोइसला वाटे की याचं जर्मन अजून कच्चं आहे.

असे तीन-चार उन्हाळे गेले. फोटो छान येत होते. चर्चच्या भिंतीवर त्यातले दोन लागले. गावच्या कॅलेंडरवर तळ्याचा फोटो आला. मुलींचे बाप आता स्वतःहून मुलींना पुढे करत.

त्यानंतरच्या सणाला मिरवणूक संपल्यावर अलोइस त्याला घरी घेऊन गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. ते उघडताच आतून पत्त्याच्या पानाएवढी कार्डं घसरली. प्रत्येकावर एका माणसाचा फोटो, नाव, जन्माची आणि मृत्यूची तारीख, खाली प्रार्थना.

"श्टेर्बेबिल्ड," अलोइस म्हणाला. "माणूस गेला की छापतात. चर्चच्या दारात टोपलीत ठेवतात. प्रत्येक जण एक घेतो आणि पुस्तकात घालतो. रविवारी पुस्तक उघडलं की ही सगळी मंडळी भेटतात. हा लोहार. ही दाई. हा मूर्ख होता, पण फोटो बघ कसा आलाय, मंत्र्यासारखा."

मग त्यानं एक कार्ड वेगळं काढलं. त्यावरच्या बाईचा एक गाल फुगलेला होता, डोळे वटारलेले होते, आणि ती कुणावर तरी भयंकर चिडलेली दिसत होती.

"ही माझी आग्नेस. दाढ काढून आली होती, त्याच दिवशी पासपोर्टचा फोटो काढला. म्हणाली, काय फरक पडतो, आपण कुठे जाणार आहोत? कुठे गेलोही नाही. आणि ती गेली तेव्हा घरात दुसरा फोटोच सापडेना. लग्नातला होता, पण त्यात ती एकोणीस वर्षांची. गुडरून म्हणाली, म्हाताऱ्या बाईच्या कार्डावर पोरीचा फोटो बरा दिसत नाही." त्यानं कार्डावर अंगठा फिरवला. "सगळ्या गावात देखणी होती. आता सगळ्या गावाच्या पुस्तकात सुजलेल्या गालानं बसलीय. मी मेलो तरी तशीच बसणार."

चारुदत्तनं कार्ड हातात घेऊन पाहिलं.

"माझा तू काढ," अलोइस म्हणाला. "ढोल नको. टोपी नको. दुसरं कुणी शेजारी नको. मी एकटा, छातीपर्यंत. एवढंच मागणं आहे."

"अजून खूप वर्षं आहेत, अलोइस."

"आहेत तर आहेत. फोटो काही नासत नाही."

"पुढच्या वेळी काढू. निवांत."

"गेनाऊ," म्हणजे बरोबर, असं अलोइस म्हणाला, आणि कार्डं गोळा करून पुस्तकात घातली.

त्या उन्हाळ्यात चारुदत्तची आई प्रभाताई तीन महिन्यांसाठी झिंडेलफिंगेनला आल्या होत्या. रात्रीच्या जेवणाला बायको विभावरी, मुलगी अन्वी आणि आई अशा तिघींसमोर त्यानं ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आईचा घास हातातच राहिलाय.

"आरं, जित्या माणसाचा तसला फोटू?" प्रभाताई म्हणाल्या. "आनि तू हो म्हणालास?"

"हो नाही म्हणालो. पुढच्या वेळी म्हणालो."

"आजी, दास इस्ट डोख नूर आइन फोटो," नऊ वर्षांची अन्वी म्हणाली. फक्त एक फोटोच तर आहे, असं. आजीला शब्द कळले नाहीत, सूर कळला.

"अहो, त्यांच्याकडे पद्धत असेल आई तशी," विभावरी पोळी वाढत म्हणाली. "आपण कशाला मनाला लावून घ्यायचं?"

"त्यांची पद्धत त्यांच्यापाशी. हात आपल्या चारूचा लागनार न्हवं?"

या बोलण्यामागे एक जुनी गोष्ट होती. विभावरीला ती गोष्ट माहीत होती, अन्वीला माहीत नव्हती, आणि घरात ती कधी बोलली जात नसे.

गोष्ट अशी होती. इस्लामपूरला चारुदत्तच्या मामांचा, भास्करमामांचा, फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या सुट्टीत चारुदत्त तिथंच वाढला, कॅमेरा तिथंच शिकला. लग्नाच्या हंगामात लग्नं, शाळेच्या हंगामात हॉल तिकिटांचे फोटो, आणि बारा महिने तेरा काळ चालणारं एक काम होतं, गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं. लोक पडलेल्या चेहऱ्यानं यायचे, लग्नाच्या अल्बममधला एखादा धूसर चेहरा दाखवायचे. मामा तो चेहरा वेगळा काढत, ब्रशनं खांदे रंगवत, कोट घालत, मागे निळा पडदा देत. त्या फोटोला हार पडायचा. या धंद्यामुळे मामांनी स्वतःपुरता एक नेम केला होता. वयस्क माणसाचा एकट्याचा फोटो काढला, की लगेच त्याला घरच्या कुणाबरोबर उभं करून दुसरा काढायचा, मग भले गिऱ्हाईक त्याचे पैसे न देवो. एकट्याचा फोटो एकटा राहू द्यायचा नाही.

चारुदत्त इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा वडील एकदा स्टुडिओत आले. एस.टी.त कंडक्टर होते. ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आले होते. मामा जेवायला गेले होते. चारुदत्तनं वडिलांना स्टुलावर बसवलं, दिवे लावले, हनुवटी थोडी वर करायला सांगितली आणि बटण दाबलं. तो रोलमधला शेवटचा फोटो होता. नवा रोल कपाटात, किल्ली मामांकडे. वडिलांची परतीची गाडी लागली होती. "र्‍हाऊ दे, पुन्यांदा कवातरी," म्हणत ते निघून गेले.

महिना उलटायच्या आत ते चालत्या बसमध्ये तिकिटं फाडता फाडता खाली बसले ते उठलेच नाहीत. भिंतीवर लागला तो तोच फोटो. येणारा-जाणारा म्हणायचा, काय जिवंत फोटो आलाय. प्रभाताईंनी चारुदत्तला कधी दोष दिला नाही. एकदाच, तेराव्याला, भांडी आवरताना त्या म्हणाल्या होत्या, "त्या फोटूलाच घाई झालती." पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

चारुदत्त शिकलेला माणूस. कॅमेऱ्यानं कुणी मरत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून त्यानं एकट्या माणसाचा चेहरा काढला नव्हता. गर्दी काढायचा, मिरवणूक काढायचा, पाठमोरा शेतकरी आणि समोर ढग असा काढायचा. लोक म्हणायचे, याची नजरच मोठी आहे, याला अख्खं रान दिसतं.

पुढच्या सणाला अलोइस तयारीनंच बसला होता. दाढी घोटून केलेली, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, चांदीच्या बटणांचं काळं जाकीट. मिरवणुकीला अजून वेळ होता. चर्चमागच्या भिंतीला बाक होता, तिथं तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. टोपी मुद्दाम घरी ठेवून आला होता. पूर्वेचं कोवळं ऊन भिंतीवर आणि त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. सुरकुती न् सुरकुती दिसत होती, भुवईवरचा व्रण दिसत होता, आणि डोळ्यांत एक मिस्कील पाणी होतं. असा उजेड मिळावा म्हणून फोटोग्राफर वर्ष वर्ष थांबतात.

"आल्झो," अलोइस म्हणाला. तर मग, अशा अर्थानं. "मी आलोय. मरण अजून यायचंय. उरक."

चारुदत्तनं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत म्हातारा बरोबर छातीपर्यंत बसला. मागे साधी भिंत. हनुवटी किंचित वर करा, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण हे वाक्य पूर्वी कुणाला म्हटलं होतं ते त्याला आठवलं.

त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"उजेड बरोबर नाही," तो म्हणाला.

अलोइसनं सूर्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "याहून बरा उजेड हवा असेल तर स्वर्गात जावं लागेल. तिथं मग फोटोचं काय काम?"

"दुपारी बघू."

"दुपारी मी घामानं भिजलेला असतो. पन्नास माणसं बघतात मला तेव्हा. आत्ता काढ की रे."

तेवढ्यात बँडमधली दोन माणसं कोपऱ्यावर दिसली. चारुदत्तनं त्यांना हाक मारली, अलोइसच्या दोन्ही बाजूंना बसवलं आणि पटापट फोटो काढले. अलोइस मधे बसून राहिला. एकाही फोटोत तो हसला नाही. बटण दाबायच्या वेळी दरवेळी त्यानं मान वळवली, कधी इकडे, कधी तिकडे. मुद्दाम वळवली.

"हे कार्ड तिघांचं छापायचं का?" उठताना तो म्हणाला. "मग या दोघांना सांग, माझ्याबरोबरच मरा म्हणावं. खर्च वाचेल."

त्या दिवशी त्यानं ढोल इतका जोरात वाजवला की बँडमास्तरनं दोनदा मागे वळून पाहिलं.

हिवाळ्यात त्याचे फोन येऊ लागले. आधी गंमतीचे. "चारू, आज उजेड कसा आहे तुमच्या शहरात? आमच्याकडे बरा आहे." चारुदत्त म्हणे, येतो. रस्त्यावर बर्फ आहे, कारखान्यात नवा साचा आलाय, अन्वीची परीक्षा आहे, पण येतो. एकदा विभावरीनं फोन ठेवल्यावर विचारलं, "अहो, किती दिवस टाळणार आहात? त्या माणसाला एकच गोष्ट हवीय."

"मी काढला आणि काही झालं तर?"

"आणि नाही काढला आणि झालं तर?"

नंतर फोनवर गंमत कमी होत गेली. अलोइसच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि काही न करता तसंच शिवून टाकलं.

फेब्रुवारीत चारुदत्त शेवटी गेला. वाटेवरची शेतं काळी-पांढरी पडली होती, तळं गोठलं होतं. त्यानं गाडी अलोइसच्या अंगणात लावली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दारात उभा राहिला. वाटेत त्यानं मनाशी ठरवलं होतं की आज काहीही झालं तरी काढायचा. मामांचा नेम, आईचं बोलणं, सगळं बाजूला ठेवायचं.

दार सेन्झीबाईंनी उघडलं. त्याच रोज सूप आणून देत होत्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या.

अलोइस खिडकीजवळच्या पलंगावर होता. चारुदत्तला पहिल्या नजरेला तो ओळखू आला नाही. गाल आत गेले होते, कातडी पिवळी पडली होती, मान काठीसारखी झाली होती. डोळे तेवढे जागेवर होते. ते कॅमेऱ्यावर गेले.

"आणलास का?" तो म्हणाला. आवाज हलका झाला होता, जवळ वाकून ऐकावा लागत होता.

"आणलाय. आज काढतो. आत्ता काढतो."

अलोइसनं त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली.

"नको."

"अलोइस, खिडकीतून उजेड चांगला येतोय. मी बसवतो तुला, उशी लावतो—"

"हा मी नाही," अलोइस म्हणाला. "हा कोण आहे मला माहीत नाही. गावाला कशाला दाखवायचा? आग्नेसचा गाल तरी उतरणारा होता." त्यानं डोळे मिटले. "ठेव ते खाली. जड असेल."

चारुदत्तनं कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि पलंगाशेजारी बसून राहिला. सेन्झीबाईंनी दोघांसाठी सूप आणलं. वाटी या वेळी त्यांनी अगदी हळू ठेवली.

अलोइस मार्चमध्ये गेला. फोन गुडरूनचा आला. ती हॅनोव्हरहून रात्रभर गाडी चालवत आली होती. आवाजात रडणं नव्हतं, फक्त थकवा होता.

"तुमच्याकडे वडिलांचा फोटो असेल ना? छापखान्याला उद्या दुपारपर्यंत द्यायचाय. मी दुसरीकडे शोधलंच नाही. दर रविवारी फोनवर सांगायचे, इंडर काढणार आहे, इंडर काढणार आहे. मला वाटलं काढून झाला असेल."

इंडर म्हणजे भारतीय, म्हणजे तोच. चारुदत्त म्हणाला, पाठवतो.

मग तो संगणकासमोर बसला. इतक्या उन्हाळ्यांचे फोटो होते. जवळपास प्रत्येकात अलोइस होता, कारण चारुदत्त उभाच राहायचा ढोलाशेजारी. पण कुठे टोपीची सावली डोळ्यांवर, कुठे ढोलाची काठी नाकासमोर, कुठे तुतारीवाल्याचा कोपर. बाकावरच्या तिघांच्या फोटोंत मान वळवलेली. शेवटी एकात डावी बाजू पूर्ण सापडली. उजव्या बाजूवर कुणाच्या तरी हाताची सावली होती. चारुदत्तनं डावा गाल उलटा करून उजव्या जागी बसवला, सांधा पुसला, जाकिटाची बटणं दुसऱ्या फोटोतून आणली, मागे साधा करडा रंग दिला. काम सफाईचं झालं. त्याचे हात साच्यावर घडलेले होते. त्यानं फोटो पाठवला.

दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात टोपलीत कार्डं होती. लोक रांगेनं येत होते, एक एक उचलत होते. बँडच्या बाजूला ढोल नुसता ठेवलेला होता, वाजवायला कुणी नव्हतं. चारुदत्त मागच्या बाकावर विभावरीबरोबर बसला. समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"हा अलोइस आहे?"

"नाव तर तेच आहे."

"दोन्ही भुवया चांगल्या कशा? गवताच्या दाताळानं कापलं होतं तेव्हा मीच नेलं होतं डॉक्टरकडे. कुठंय ते?"

"जाऊ दे. वर गेल्यावर सगळं बरं होतं म्हणतात."

पहिला म्हातारा कार्ड जवळ नेऊन, लांब धरून बघत राहिला. "भावासारखा दिसतो याच्या," तो म्हणाला. "पण याला भाऊ नव्हता." आणि त्यानं कार्ड पुस्तकात ठेवलं.

विभावरीनं चारुदत्तच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो तसाच राहू दिला.

दफनानंतर गाव खानावळीत जेवायला जमलं. गुडरून टेबलापाशी आली, त्याचे आभार मानले, म्हणाली, फोटो छान आहे. तिनं तो नीट पाहिला होता की नाही, कळलं नाही. ती तिथून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चारुदत्तला अन्न गेलं नाही. तो अंगणात येऊन उभा राहिला. मागोमाग सेन्झीबाई आल्या. काळे कपडे, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी खुर्ची ओढत आणली आणि भिंतीपाशी आपटली.

"कॅमेरा गाडीत असेल."

"आहे."

"आण. कपडे चांगले आहेत अंगावर, केस बसलेत, रडूनही झालंय. पुन्हा एवढं जमायचं नाही."

"सेन्झीबाई, आज नको."

"जा, जा. आज नको, उद्या नको." त्या खुर्चीवर बसल्या. "अलोइसला असंच म्हणत राहिलास. मी काही मान वळवणार नाही. आण."

त्यानं कॅमेरा आणला. चौकटीत त्या एकट्या, छातीपर्यंत. त्यानं खुर्चीसमोर गुडघा टेकला, कोपर गुडघ्यावर रोवला आणि म्हणाला, "हनुवटी जरा वर." बटण दाबलं. दुसरा फोटो कुणाबरोबर काढला नाही. सेन्झीबाई उठल्या आणि दारातून आत ओरडल्या, "योझेफ, ये बाहेर, तुझाही काढून घे. मोफत आहे." आत हशा झाला, मग योझेफ आला, मागून त्याची बायको. अंगणात खुर्चीपाशी रांग लागली. कुणी खिशातल्या कंगव्यानं केस विंचरले, कुणी दुसऱ्याचा टाय मागून घेतला.

त्यातले काही जण त्याच वर्षी गेले, काही पुढच्या. सेन्झीबाई दुसऱ्या हिवाळ्यात. त्यांच्या कार्डावर त्या अगदी सेन्झीबाईच दिसतात, आत्ता काहीतरी आदळतील अशा. गाव म्हणतं, इंडरच्या हाताला माणूस बरोबर येतो. चारुदत्तला हे ऐकू येतं.

सणाला तो अजून जातो. पण मिरवणूक आता त्याला पूर्वीसारखी काढता येत नाही. तो कॅमेरा घेऊन चौकात उतरला की म्हातारी माणसं भांग नीट करतात, आणि तरुण माणसं नजर चुकवून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला होतात. मुलींचे बाप मुलींना पाठीमागे घेतात. राग नसतो कुणाचा. जरा बाजूला होतात एवढंच. टेकडीवर आग पेटली की तो लांबून बघतो. तळ्याचे, ढगांचे फोटो काढायचे त्यानं सोडून दिले. घरात विभावरीचे, अन्वीचे फोटो आता विभावरीच फोनवर काढते.

परवाच्या सप्टेंबरात अन्वीला शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. ती आता तेरा वर्षांची. केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून दिवाणखान्यात आली आणि पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"पापा, माख डू," ती म्हणाली. तूच काढ.

खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. चारुदत्तनं तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच टेबलावरच्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

"स्टेशनवर मशीन आहे. तिथं नीट येतो. चल."

"वारूम? का पण? घरी तीन कॅमेरे आहेत!"

"चल म्हणतो ना."

स्वयंपाकघराच्या दारातून विभावरीनं दोघांकडे पाहिलं, अन्वीचं जॅकेट तिच्या हातात दिलं आणि परत आत गेली.

स्टेशनवर मशीन जिन्याच्या खाली होतं. अन्वी आत बसली, पडदा ओढून घेतला. पडद्याखाली तिचे बूट दिसत होते. आतून यंत्राचा आवाज आला, सरळ बसा, हनुवटी वर. चारुदत्तनं पाठ फिरवली आणि समोरच्या पाटीवरच्या गाड्यांच्या वेळा वाचत उभा राहिला. मागे पडद्याच्या फटीतून पांढरा उजेड चमकला, थांबला, पुन्हा चमकला.